‘त्विलरी उद्यानातील संगीत’: चित्रामागची बाग

एदुआर माने याने १८६२ मध्ये रंगवलेल्या ‘त्विलरी उद्यानातील संगीत’ या चित्रात वादक कुठेच नाहीत. दिसतात ते केवळ श्रोते, आणि त्यांचेही वादनाकडे फारसे लक्ष नाही. सार्वजनिक म्हणवणाऱ्या या बागेत एकाच थरातली माणसे का जमली आहेत, हे कळण्यासाठी तिचा इतिहास पाहावा लागतो.

पॅरिसमधील त्विलरी ही मूळची राजवाड्याची बाग. १६६४ पासून आंद्रे ल नोत्र याने तिची नव्याने आखणी केली आणि लवकरच ती नागरिकांना खुली झाली. तरीही अठराव्या शतकात सैनिक, घरगडी आणि फाटक्या कपड्यांतली माणसे यांना दारातच अडवले जाई. त्यांना मुभा असे ती २५ ऑगस्टच्या संत लुईच्या सणापुरती. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात सम्राट शेजारच्याच राजवाड्यात राहत होता, बागेत लष्करी बँड वाजत असे आणि बसायचे तर खुर्चीचे भाडे मोजावे लागे. चित्रात अगदी पुढे दिसणाऱ्या नक्षीदार पाठीच्या लोखंडी खुर्च्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. रोजंदारीवर पोट असणाऱ्याला कामाच्या दिवशी दुपारी इथे येऊन बसणे परवडणारे नव्हतेच.

उंच काळ्या टोप्यांच्या या गर्दीत मानेचे मित्र आहेत: कवी बोदलेर, लेखक गोतिए, संगीतकार ऑफेनबाख, डाव्या कडेला स्वतः माने उभा आहे. मध्येच पांढऱ्या झग्यातल्या दोन मुली वाळूत खेळत आहेत. नवलाची गोष्ट अशी, की याच बोदलेरने १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘विधवा’ या गद्यकाव्यात अशाच एका मैफलीच्या कठड्याबाहेर ताटकळणारे कामकरी लोक रंगवले आहेत. वाऱ्यासरशी येईल तेवढे संगीत ते फुकटात ऐकतात. मानेने हा कठडा चित्रात घेतला नाही. माझ्या मते ही टीका नव्हे. तो स्वतःच्याच वर्गाला आतून पाहत होता.

१८६३ मध्ये मार्तिने यांच्या दालनात हे चित्र लागले, तेव्हा ते पाहायला आलेला प्रेक्षकही बहुतांशी टोपीवाल्यांपैकीच होता. आपल्यासारख्यांचे चेहरे रंगाच्या चार फटकाऱ्यांत उरकलेले त्याला रुचले नाहीत, आणि चित्राची बरीच टवाळी झाली. ते विकले गेले १८८३ मध्ये, मानेच्या मृत्यूच्या वर्षी, फोर या ऑपेरा गायकाला.