घराचा नकाशा पावसात काढावा

मे महिन्यात बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढे गेलं की रस्त्याकडेच्या उतारावर फक्की मारून आखलेले प्लॉट दिसतात. खाली दाट रान, पलीकडे दरी, जमीन कोरडी ठणठणीत. बघणाऱ्याचं मन बसतं, व्यवहार होतो आणि आठवड्याभरात जेसीबी डोंगराच्या अंगात आडवी खाच पाडून जागा ‘सपाट’ करून देतो. खरी जमीन जुलैत दिसते, पण तोवर खांब उभे राहिलेले असतात.

त्याच भागात कणकुंबीकडं माझ्या आत्याचं जुनं कौलारू घर आहे. ते बांधण्याआधी तिचे सासरे दोन पावसाळे नुसते जागेवर जाऊन उभे राहायचे. मुलाला म्हणायचे, “आदी पाणी कुठनं येऊलंय बग, मग दार कुठं लावायचं ते ठरव.” मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण त्यात मृदा-यांत्रिकीचा, म्हणजे मातीच्या ताकदीच्या शास्त्राचा, गाभा आहे.

ओल्या कडप्प्यावर गरम आमटीची वाटी ठेवली की ती आपोआप सरकते, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. बुडाच्या कडेत अडकलेली हवा तापून फुगते आणि वाटीचं थोडं वजन स्वतः पेलते. कडप्प्यावरचा दाब घटतो, घर्षण घटतं, वाटी निघते. उतारावरच्या मातीचंही असंच होतं, फक्त हवेच्या जागी पाणी असतं. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात म्हणून डोंगर उभा राहतो. कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या आणि त्या पाण्याला दाब आला, की ते कणांचा भार उचलून धरतं. कणांची पकड सुटते. मृदा-यांत्रिकीचे जनक मानले जाणारे अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात हा नियम मांडला आणि आजही उतारावरच्या प्रत्येक पायाचं गणित त्याच्यावरच उभं आहे. सुट्या, वाळूसारख्या मातीचा उतार कोरडा असताना ज्या तिरपेपणावर टिकतो, त्याच्या साधारण निम्म्या तिरपेपणावरच तो टिकू शकतो, जर त्यातून उताराच्या दिशेनं पाणी झिरपत असेल.

आपल्याकडं त्यात आणखी एक गोष्ट आहे. वरचा जांभा कठीण असतो. त्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ आणि हवेवर पडला की टणक होतो, म्हणून तो भरवशाचा वाटतो. पण जांभ्याच्या थराखाली बरेचदा पांढरट-पिवळी चिकण माती असते. खानापूर तालुका कुंभारकामासाठी आणि कौलांसाठी ओळखला जातो. ओली झाली की हवा तो आकार घेणं हा चिकण मातीचा गुण कुंभाराला हवासा असतो, घराच्या पायाखाली मात्र तो घातक. जेसीबीनं जांभ्याचा थर कापला की ही माती उघडी पडते आणि पहिल्याच झडीत धुपायला लागते.

खाच पाडली की निघालेली माती पुढच्या बाजूला टाकून अंगण वाढवायचा मोह होतो. मग अर्धं घर मूळ जमिनीवर आणि अर्धं भरावावर. भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, मूळ जमीन बसत नाही, आणि भेग नेमकी दोन्हींच्या सांध्यावर येते. त्यापेक्षा घराची लांब बाजू उताराला आडवी ठेवावी, खोल्या पायऱ्यांसारख्या उतरत न्याव्यात, जमीन कमीत कमी कापावी.

कापलेल्या बाजूला भिंत लागतेच. तीन मीटर उंच भिंतीमागं कोरडी माती असेल, तर एक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टन रेटा येतो. मागं पाणी तुंबलं तर तोच सहा टनांच्या घरात जातो. यातले साडेचार टन नुसत्या पाण्याचे; पाण्यात बुडालेली माती हलकी झाल्यानं तिचा स्वतःचा रेटा कमी होतो. म्हणून भिंत जाड करण्याआधी तिच्यामागं खडी भरावी आणि पाणी बाहेर पडायला ठिकठिकाणी पाइपाचे तुकडे घालावेत. मातीशिवाय रचलेला जांभ्याचा गडगा एवढे पावसाळे काढतो, तो याच कारणानं: त्याच्या फटींतून पाणी निघून जातं.

खांबांवर घर उचलणं हा मला सर्वांत पटणारा मार्ग. खालून पाणी आणि रान दोन्ही चालू राहतात. पण तिथं खांबांच्या कमी-जास्त लांबीकडं दुर्लक्ष करण्याची चूक फार महागात पडते. उतारावर वरच्या बाजूचे खांब आखूड, खालचे लांब. बाकी सगळं सारखं असेल, तर निम्म्या उंचीचा खांब आठपट ताठ असतो, आणि भूकंपाचा आडवा हिसका ताठ खांबच आधी अंगावर घेतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांब झालेला नाही. संरचना अभियंत्याकडून हे गणित करून घ्यावंच, आणि खांब सैल माती ओलांडून घट्ट थरापर्यंत न्यावेत.

वरच्या बाजूची झाडं उजेडासाठी तोडू नयेत. मुळं मातीला शिवून धरतात, आणि तोडल्यावर ती लगेच सोडतही नाहीत. काही वर्षांत ती कुजतात, तेव्हा उतार कमजोर होतो. तोवर घरमालक निर्धास्त झालेला असतो.

पावसाचा हिशोब साधा आहे. शंभर चौरस मीटर छपरावर दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी जमा होतं, आणि घाटमाथ्यावर असा दिवस नवलाचा नाही. या पागोळ्या पायाशी पडू देऊ नयेत. पन्हळीनं बाजूच्या नैसर्गिक ओहोळापर्यंत न्याव्यात. घराच्या वरच्या अंगाला उताराला आडवा चर हवा, आणि तो दर मेमध्ये पालापाचोळा काढून मोकळा करायला हवा. शोषखड्डा कधीही घराच्या वर घेऊ नये. तो उन्हाळ्यातही डोंगराला पाणी पाजत राहतो.

जागा घेण्याआधी जुलैत एकदा जाऊन यावं. बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली झाडं ओळीनं दिसली, तर तिथली माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता असते. राहत्या घराच्या वर जमिनीला नवी भेग पडली, दारं अचानक अडकू लागली, किंवा नेहमीचा नितळ झरा गढूळ झाला वा भर पावसात आटला, तर सकाळ व्हायची वाट न पाहता सगळ्यांना घेऊन बाजूच्या पक्क्या जागी निघून जावं.