आगळ, बॅटरी आणि ५१२ बाइट

माळ्यावरून खाली उतरवलेल्या त्या कॉम्प्युटरवर पालीची अंडी होती. देवगडच्या खाऱ्या हवेत तीस वर्षं काढलेला, ४८६ प्रोसेसरचा जुना पीसी. काका त्यावर आंब्याच्या पेट्यांचा हिशोब ठेवायचे. मला त्यात फ्रीडॉस, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा फुकट पर्याय, घालायचं होतं, पण खोका उघडला आणि डॉस राहिलं बाजूला.

मदरबोर्डच्या कोपऱ्यात पिंपाच्या आकाराची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग्ज तिच्यावर टिकतात. ती जुनी झाली की पाझरते, आणि पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चक्क अल्कली. शेजारच्या तांब्याच्या रेषांवर हिरवा-निळा थर चढला होता. अल्कलीवर उतारा आम्लाचा, म्हणून मी पातळ व्हिनेगर मागितलं. काका म्हणाले, "व्हिनेगर कित्याक? आगळ घे." आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. आम्ल त्यातही असतं हो, पण मीठही असतं, आणि इथल्या हवेतलं मीठच तर पत्रे-तारा खात असतं. आगळ सोलकढीपुरतं ठेवलं. बॅटरी कापून काढली, व्हिनेगरचा बोळा फिरवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं आणि दोन दिवस वाळवलं.

हार्डडिस्क फिरेचना. तिच्या जागी अडॅप्टर लावून कॅमेऱ्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं. कार्ड ४ जीबीचं, मशीनला दिसलं ५०४ एमबी! बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम. त्या काळच्या बायोसची मजल १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर (डिस्कवरची जागा मोजायचे आकडे) एवढीच, आणि सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करून बघा. डॉसला तेवढंही रग्गड.

मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार अशी चिन्हं दिसल्यावर जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्यानं २९ जून १९९४ रोजी जाहीर केलं, आपलं डॉस आपणच लिहू. पॅट व्हिलानी यांनी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दिला, बाकीच्या आज्ञा जगभरातल्या हौशी लोकांनी लिहिल्या. १.० आवृत्तीला २००६ उजाडलं, १.४ तर अगदी २०२५ मधली. दुकानात 'डॉसवाला लॅपटॉप' मिळतो, त्यात बहुधा हेच असतं.

फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं, एफडिस्कनं भाग पाडला, फॉरमॅट केलं, डॉसच्या मूळ फाइली कार्डावर घालणारं सिस चालवलं. फ्लॉपी काढून पुन्हा चालू केलं, तर नुसता लुकलुकता कर्सर. चूक माझीच. बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट, मेमरीत आणतो आणि ताबा त्याच्याकडे देतो. तो एफडिस्कनं पाडलेल्या भागाच्या पहिल्या सेक्टरला, तो कर्नलला, कर्नल आपल्या आज्ञा वाचणाऱ्या कमांड डॉट कॉमला. शिमग्यातली पालखीच, या खांद्यावरून त्या खांद्यावर. कॅमेऱ्याच्या कार्डावर पहिल्या सेक्टरमध्ये हे काम करणारा कोडच नव्हता. पहिलाच खांदा गायब! 'एफडिस्क /एमबीआर' देऊन तो कोड लिहिल्यावर सी-प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, आला.

तारीख मात्र १ जानेवारी १९८०. बॅटरीच नाही, आणि डॉसचं पंचांग तिथूनच सुरू होतं. फाइलच्या तारखेत वर्षाला ७ बिट, म्हणजे १२८ वर्षं. २१०७ पर्यंत चिंता नाही.

काकांच्या फ्लॉप्यांना पावसाळ्यांनी बुरशी आणली होती. एकच वाचली. त्यावरची एप्रिल १९९६ ची फाइल उघडली तसे काका चष्मा सारून पुढे वाकले.

"मुंबयच्या त्या दलालान ह्या चाळीस पेट्यांचे पैसे अजून देवक नाय."