पुण्याच्या माळावरचा लांडगा झाडं लावून वाचणार नाही

पावसाळा लागला की पुण्यात दर रविवारी कुठे ना कुठे वृक्षारोपण असतंच, आणि त्यामागची तळमळ खरी असते. पण सासवड, सुपे, बारामती, इंदापूर या पट्ट्यात जो उघडा माळ दिसतो ना, तिथलं जंगल कुणी तोडलेलं नाहीये, ते मुळातच गवताळ रान आहे. पाऊस कमी, माती जेमतेम, खाली लगेच मुरूम, अशा जागी कुसळी, मारवेल ही गवतंच टिकतात आणि त्यांच्या जिवावर चिंकारा, ससा, खोकड, तरस, लांडगा असं सगळं रान जगतं. सरकारदरबारी यातली बरीच जमीन पडीक म्हणून लागलेली, त्यामुळे कुणीही यावं, जेसीबीने चर खणावेत, गिरिपुष्पाची झाडं लावावीत नाहीतर प्लॉट पाडावेत. आणि सावली पडली की उन्हावर वाढणारं हे गवत मरतं.

लांडग्याचं तर फारच अवघड आहे. भारतात वाघ ३,६८२ (२०२२ चा अंदाज) आणि लांडगे साधारण ३,०००, म्हणजे वाघाहून कमीच! वाघाला निदान राखीव जंगलं आहेत. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी आहे, तेही जेमतेम ५ चौरस किलोमीटर, लांडग्याचा कळप एवढ्यात मावतच नाही, तो शेताबांधावरून, गावांच्या कडेनेच फिरणार.

आणि तिथे त्याला भेटतात मोकाट कुत्री. हा धोका मला सगळ्यात गंभीर वाटतो. कुत्रा आणि लांडगा इतके जवळचे की त्यांची पिल्लं होतात, ती पिल्लं पुढे वितात, आणि एकदा कुत्र्याची जनुकं कळपात शिरली की काढता येत नाहीत. पुणे जिल्ह्यात वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसले तेव्हा पुण्याच्या ग्रासलँड्स ट्रस्टने आणि शास्त्रज्ञांनी मिळून नमुन्यांची जनुकीय तपासणी केली, तर खरंच संकर निघाला. त्यात कुत्र्यांकडून येणारा कॅनाइन डिस्टेंपर हा रोग. त्याचा विषाणू नाकातोंडाच्या स्रावातून पसरतो, फुफ्फुसं आणि मेंदू दोन्हीवर जातो, आणि लांडगे एकत्र खाणारे, एकमेकांची तोंडं चाटणारे, म्हणजे एकाला झाला की कळपच धोक्यात. रानातल्या लांडग्याला पकडून लस टोचणं जवळपास अशक्य, म्हणून आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांना लस देणं, त्यांची नसबंदी करणं आणि हॉटेलांचं, पोल्ट्रीचं मांस उघड्यावर न टाकणं हेच करावं लागतं. फोटोत छान दिसणारं काम नाहीये हे, पण देणगी द्यायची असेल तर माझ्या मते याला द्या.

धनगरांना विसरून तर चालणारच नाही. जंगली शिकार कमी झाली की लांडगा शेळ्यामेंढ्यांवरच जगतो, तरी बरेच मेंढपाळ त्याला विष घालत नाहीत, त्याचाही वाटा असतो म्हणतात. नुकसानभरपाई आहे, पण त्यासाठी पंचनामा लागतो, वनरक्षक येईपर्यंत मेलेलं मेंढरू हलवायचं नाही, आणि ज्याचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघायचाय तो थांबणार कसा? म्हणून फोनवर कळवलं की त्याच दिवशी माणूस वाड्यावर पोचेल आणि पैसे पुढच्या मुक्कामी खात्यात जमा होतील एवढी सोय झाली तरी पुष्कळ लांडगे वाचतील.