तुमच्या स्पीकरना किती वॅटचा रिसीव्हर लागतो?

होम थिएटर घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा विचारतात, "ह्याचे वॅट किती?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर खोक्यावर मिळत नाही. एका खोक्यावर ठळक अक्षरांत १००० वॅट असतात, शेजारच्यावर फक्त ८०, आणि महाग नेमका ८० वाला असतो. मोठा आकडा बघून घेतलेला रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना ताकद पुरवणारं यंत्र, घरी लावल्यावर आवाज वाढवताच चिरकायला लागतो, आणि मग दोष स्पीकरना दिला जातो. पैसे देण्याआधी हे पत्रक एकदा वाचा.

वॅट मोजले कसे, ते आधी बघा

एकाच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ८० वॅट आणि १७५ वॅट असे दोन्ही आकडे असू शकतात, आणि दोन्ही खरे असतात. ८० हा आकडा ८ ओहमवर (स्पीकर विजेला करतो तो अडथळा ओहममध्ये मोजतात), २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ अशा कानाला ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, ०.०८ टक्के विकृती (मूळ आवाजातला बिघाड) धरून, दोन चॅनल (एका स्पीकरची एक वाट म्हणजे एक चॅनल) एकदम चालवून काढलेला असतो. १७५ चा आकडा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झच्या एका सुरावर, एकच चॅनल चालवून आणि १० टक्के विकृती चालवून घेऊन येतो. १० टक्के विकृतीचा आवाज कोणी आवडीने ऐकणार नाही. दोन रिसीव्हरची तुलना करताना पहिल्या पद्धतीचा आकडाच धरा. तो कुठेच छापलेला नसेल, तर आम्ही ते यंत्र सुचवत नाही. खोक्यावरचे १००० म्हणजे बहुतेक वेळा सगळ्या चॅनलची अशीच फुगवलेली बेरीज असते.

सात चॅनलच्या रिसीव्हरमध्ये सातहींवर एकदम जोर आला की प्रत्येकाच्या वाट्याला ८० वॅट येत नाहीत, कारण सगळ्यांचा वीजपुरवठा एकच असतो. म्हणून आम्ही यंत्राचं वजनही बघतो. जड ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर असलेलं यंत्र हलकं नसतं.

खरा हिशेब स्पीकरच्या आकड्याचा

स्पीकरच्या माहितीत "सेन्सिटिव्हिटी" नावाची एक ओळ असते, उदाहरणार्थ ८६ डेसिबल. एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज, असा तिचा साधारण अर्थ. तीन डेसिबल वाढवायला वॅट दुप्पट लागतात, दहा डेसिबलना दसपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ अंदाजे दुप्पट वाटते. म्हणूनच ८० च्या जागी १०० वॅटचा रिसीव्हर घेतला तर वाढ एका डेसिबलची होते, आणि ती ओळखू येणंही कठीण.

आता सोफा स्पीकरपासून तीन मीटरवर आहे असं धरू. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबल कमी होतात. घरात भिंती थोडा आवाज परत देतात, म्हणून आम्ही सात धरतो. ८६ चा स्पीकर सोफ्यावर एका वॅटला ७९ डेसिबल देईल. घरी सिनेमा बघताना सरासरी आवाज ७५ च्या आसपास असतो, म्हणजे बहुतेक वेळ तुमचा रिसीव्हर एक वॅटसुद्धा देत नसतो. वॅट लागतात ते ढोलाच्या थापेला, दार आपटतं तेव्हा, स्फोटाच्या क्षणी. सरासरीच्या वर २० डेसिबलची जागा ठेवली, तर ९५ गाठायला ४० वॅट पुरतात. ९२ चा स्पीकर असेल तर तेच काम १० वॅटमध्ये होतं.

काहींना मात्र थिएटरचा पूर्ण आवाज हवा असतो. त्याचं ठरलेलं माप सरासरी ८५ आणि शिखर १०५ डेसिबल असं आहे. तिथे ८६ च्या स्पीकरला ४०० वॅट लागतील, ते कुठलाच साधा रिसीव्हर देणार नाही, आणि स्पीकरही बहुधा सोसणार नाही. ९२ चा स्पीकर १०० वॅटमध्ये तिथे पोचतो. मोठा आवाज हवा असेल तर जास्तीचे पैसे स्पीकरमध्ये घाला, असं आम्ही सांगतो ते ह्यामुळे.

फ्लॅट आणि जुनं घर

पणजी, मडगाव, फोंडा, म्हापशातल्या फ्लॅटच्या हॉलला वर सांगितल्याप्रमाणे मोजलेले ५० ते ८० वॅट भरपूर होतात. जुन्या घरांचं गणित वेगळं. उंच मंगळुरी कौलांखालचा, बाजूच्या खोल्यांत उघडणारा हॉल आवाज परत देत नाही, आणि बसायची जागाही पाच मीटरवर जाते. तिथे वॅट तीन ते पाचपट धरा, किंवा जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्या. अशा घरासाठी प्री-आऊट (बाहेरच्या यंत्राला सिग्नल द्यायची जोडणी) असलेला रिसीव्हर आम्हाला जास्त पसंत आहे. पुढे कमी पडलं तर वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो, रिसीव्हर बदलावा लागत नाही.

स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) असेल, तर सेटिंगमध्ये स्पीकर "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झवर ठेवा, स्पीकर आकाराने मोठे असले तरी. सगळ्यात जास्त वीज खाणारा खर्ज सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हर मोकळा होतो. ह्याला पैसा लागत नाही.

ओहम

८ ओहमच्या स्पीकरच्या जागी ४ ओहमचा लावला की तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट ओढला जातो. ४ ओहमला चालेल असं रिसीव्हरच्या पुस्तिकेत लिहिलेलं नसेल, तर ती जोडी टाळा. गोव्यात हमखास दिसणारा प्रकार म्हणजे हॉलच्या स्पीकरच्याच टर्मिनलला बाल्कांवातली (घरापुढच्या ओसरीतली) जोडी जोडणं. ८ आणि ८ समांतर जोडले की ४ होतात. गणेश चवथीला घर भरलेलं असतं, आवाज वाढवला जातो, आणि रिसीव्हर "प्रोटेक्ट" दाखवून बंद पडतो. बाहेरच्या स्पीकरसाठी झोन २ (दुसऱ्या जागेसाठी वेगळी वाट) असलेला रिसीव्हर घ्या किंवा छोटा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. रात्री १० नंतर निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेवढं बाल्कांवात लक्षात असू द्या.

स्पीकरवरचा "२० ते १२० वॅट" हा पट्टा पाळायलाच हवा असा नियम नव्हे. पण कमी ताकदीचा रिसीव्हर शेवटपर्यंत ताणला की आवाजाच्या लाटेचे माथे कापले जातात, आणि त्यातून निघणारी जादा ऊर्जा ट्विटर (बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर) जाळते. आवाज खरखरला की लगेच कमी करा.

आपल्या हवेसाठी

दमट हवा आणि उकाड्यामुळे काचेच्या बंद कपाटात रिसीव्हर ठेवू नका. वर निदान १० सेंटिमीटर मोकळे ठेवा. किनाऱ्याजवळच्या घरांत तांब्याची उघडी टोकं काळी पडतात, ती दर पावसाळ्यानंतर कापून नव्याने सोला, नाहीतर बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसणारी खुंटी) लावा. वायर शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. लांब अंतराला २.५ चौरस मिलिमीटर. जुन्या घरात आधी अर्थिंग तपासून घ्या. गडगडाटात प्लग काढालच, पण केबल टीव्हीची आणि इंटरनेटची वायरही काढा, कारण वीज त्या वाटेनेही आत येते.

दुकानात येताना खोलीची लांबी, रुंदी, उंची, सोफ्याचं स्पीकरपासूनचं अंतर आणि स्पीकरच्या मागच्या पट्टीचा फोटो घेऊन या. हिशेब आम्ही तुमच्यासमोर कागदावर मांडून देतो, खरेदी कुठेही करा.