इंजिन सेन्सरचे फॉल्ट कोड (अवजड यंत्रे)

एक्स्कॅव्हेटर, लोडर, डंपर यांच्या इंजिनावरील ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) सेन्सरकडून न पटणारा संकेत आला की तो जो क्रमांक नोंदवतो, तो फॉल्ट कोड. जे१९३९ या अवजड वाहनांच्या सामाईक संदेश-पद्धतीत कोडचे दोन भाग असतात. कोणते मोजमाप बिघडले हे एसपीएन सांगतो (१०० ऑइलचा दाब, ११० कूलंटचे तापमान, १५७ रेलमधील, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतील, दाब) आणि कसे बिघडले हे एफएमआय. पहिला आकडा वाचूनच नवा सेन्सर मागवण्याची घाई सर्रास होते. निदान मात्र दुसऱ्यात दडलेले असते. एफएमआय ३ म्हणजे संकेताचे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. दोन्हींत दोष वायरिंगचा किंवा सेन्सरचा. १०० सोबत १ आला तर दाब खरोखरच पडलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन बंद करावे, ऑइलची पातळी पाहावी आणि यांत्रिक गेज लावूनच दाब पडताळावा.

कोकणात, जांभ्याच्या चिरेखाणीवर असो वा बंदरात, आधी संशय कनेक्टरवर घ्यावा. सील फाटले की खारी हवा आत शिरते, पिनांवर हिरवा थर धरतो. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या यंत्राच्या वायरी उंदीर कुरतडतात. लाल चिखल काढताना प्रेशर वॉशरचा फवारा थेट कनेक्टरवर मारणे हे तर हाताने ओढवलेले दुखणे.

दोन वायरींच्या कूलंट सेन्सरची परीक्षा सोपी आहे. ११०/३ (एसपीएन ११०, एफएमआय ३) आल्यास चावी बंद करून कनेक्टर काढावा, हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडाव्यात आणि चावी लावावी. कोड ३ चा ४ झाला तर वायरिंग ठीक, सेन्सर गेलेला. ३ च राहिला तर वायर तुटलेली किंवा पीन गंजलेली. तीन वायरींच्या प्रेशर सेन्सरवर हा प्रयोग करू नये. तिथे पुरवठ्याचे ५ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने मोजावे. अनेक सेन्सरांचे कोड एकदम आले, तर त्यांचा सामाईक ५ व्होल्ट पुरवठा बसलेला असण्याचा संभव मोठा. एकेक सेन्सर सोडवत जावे, ज्याच्या सुटण्याने व्होल्टेज परत येते तोच दोषी. ईसीएमशी संपर्कच तुटत असेल तर बॅटरी सोडवून कॅनच्या (ईसीएमचे संदेश वाहणाऱ्या जोडणीच्या) दोन तारांमधला रोध मोजावा: ६० ओहम योग्य, १२० आला तर एक टर्मिनेटर (जोडणीच्या टोकाचा रोधक) किंवा तार निसटलेली.

मोजताना वायरीच्या आवरणात सुई टोचू नये. त्या भोकातून खारे पाणी शिरून तांबे आतून सडते. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवाव्यात, सैल पीन बदलावी, सील नवे घालावे, डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस सीलवर पातळच लावावे. कोड पुसण्याआधी लिहून ठेवावा. नंतर यंत्र तापेपर्यंत चालवून तो परत येतो का पाहावे. हार्नेस हलवल्यावरच येत असेल तर दोष अजून तारेतच आहे.