घुमट आधीचा, विद्यापीठ नंतरचं

दांडिया बाजारात पाहुण्यांना हमखास सांगितलं जातं, की बडोद्याचं विद्यापीठ सयाजीराव महाराजांनी १८८१ साली काढलं. ‘महाराजा सयाजीराव विद्यापीठ’ या नावामुळे हा समज पक्का झालाय, पण तो चूक आहे. १८८१ साली सुरू झालं ते बडोदा कॉलेज. कला शाखेची घुमटाची इमारत त्याच कॉलेजची, आराखडा रॉबर्ट चिझम यांचा. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्याला विटांच्या त्या घुमटाखाली उभं राहिल्यावर साम्य लगेच जाणवतं.

विद्यापीठाचं स्वप्न महाराजांचंच, पण ते १९३९ मध्ये गेले. विद्यापीठ झालं १९४९ साली, नातू प्रतापसिंहरावांच्या हातून. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. घुमट दाखवताना त्यांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.