स्टेरॉईड संप्रेरके आणि शरीराची उष्णता

सस्तन प्राण्यांत उष्णतानिर्मिती वाढवण्याचे मुख्य काम थायरॉईडची संप्रेरके आणि ॲड्रेनॅलिनवर्गीय संप्रेरके करतात. कोलेस्टेरॉलपासून बनणारी स्टेरॉईड संप्रेरके या उष्णतेच्या भट्टीला इंधन पुरवतात आणि तापमान कुठे स्थिर ठेवायचे ते ठरवतात. ती प्रामुख्याने पेशीतील ग्राहींमार्फत (संप्रेरकाला बांधून घेणाऱ्या प्रथिनांमार्फत) जनुकांचे काम बदलतात. त्यामुळे त्यांचा बराचसा परिणाम दिसायला काही तास लागतात.

सर्वांत ठळक उदाहरण प्रोजेस्टेरॉनचे. स्त्रियांत बीजोत्सर्गानंतर, म्हणजे बीज बाहेर पडल्यावर, बीजकोशात तयार होणाऱ्या पीतपिंडातून ते स्रवते, मेंदूतील हायपोथॅलॅमस या तापमान-नियंत्रण केंद्रावर परिणाम करते आणि सकाळचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. ही वाढ बीजोत्सर्ग होऊन गेल्याचे सांगते. तो कधी होईल, हे तिच्यावरून कळत नाही. अपुरी झोप, मद्य किंवा बारीक ताप असेल तर नोंद फसते. इस्ट्रोजेनचा कल उलट, तापमान उतरवण्याकडे असतो.

गाभण कुत्रीत हेच उलट्या दिशेने उपयोगी पडते. विण्याआधी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घटते आणि गुदद्वारातील तापमान साधारण एक अंशाने, बहुधा ३७.२ अंशांच्या खाली उतरते. त्यानंतर बहुतेकदा २४ तासांत कळा सुरू होतात. ही घसरण थोडाच वेळ टिकते, म्हणून शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा ठरावीक वेळी मोजावे. एकाच वेळचा आकडा कामाचा नाही. घसरणीनंतर २४ तास उलटूनही कळा नसतील तर पशुवैद्याला दाखवावे.

अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल स्नायूंतील प्रथिने मोडून यकृताला ग्लुकोज बनवायला लावते. मेंढीच्या गर्भात जन्माआधी ते वाढते, थायरॉईड संप्रेरकाचे क्रियाशील रूपात रूपांतर होते आणि तपकिरी मेद उष्णता देण्यास सज्ज होतो. वेळेआधी जन्मलेले कोकरू थंडीत लवकर गारठते, त्याचे हे एक कारण. प्रौढ उंदरांत मात्र कॉर्टिसॉलच्याच वर्गातील संप्रेरके तपकिरी मेदाची उष्णतानिर्मिती दाबतात, तेव्हा एका प्राण्याचा निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावू नये.

कॉर्टिसॉलसारखे काम करणारे कृत्रिम औषध डेक्सामेथासोन, त्याचा गाईंतला वापर ग्लुकोज वाढवण्याच्या याच गुणावर आहे. किटोसिस (ग्लुकोज कमी पडून रक्तात कीटोन साचण्याचा आजार) झालेल्या दुभत्या गाईत ते रक्तातील ग्लुकोज वाढवते, पण दूध तात्पुरते घटवते आणि संसर्गाचा ताप झाकते. गाभणपणाच्या शेवटच्या काळात दिले तर गाय अकाली विते आणि वार अडकण्याचा धोका वाढतो.